घोरपडीच्या पिलांचें संगोपन

पाळीव प्राणी म्हटला कीं सर्वसाधारण गृहस्थाच्या डोळ्यांपुढें कुत्रें, मांजर, पोपट, फार तर कांचेच्या भांड्यांतील सोनेरी मासा एवढींच चित्रें उभीं राहतात. घोरपड कोणी हौसेनें घरांत बाळगील, ही कल्पनाच आपल्याकडील सुशिक्षित कुटुंबास प्रथमदर्शनीं विचित्र वाटेल. मराठी मनाचा घोरपडीशीं परिचय आहे तो निराळ्या प्रकारचा. सिंहगडच्या कड्यावर दोर नेणाऱ्या यशवंतीच्या कथेंतून तो झालेला आहे. १६७० सालच्या त्या प्रसंगीं खरोखरच घोरपड वापरली गेली कीं नाहीं, हा वाद इतिहासकारांवर सोपविणें बरें. परंतु घोरपड म्हणजे चिवट, दणकट आणि सहसा न मरणारा प्राणी, असा जो समज त्या कथेनें आपल्याकडे दृढ केला आहे, तो समुद्रापलीकडेहि निराळ्या वाटेनें पोंचलेला आहे. आणि त्या समजापायीं युरोप-अमेरिकेंतील कित्येक घरांत घोरपडीचीं पिलें वर्ष-दीड वर्षाच्या आंत दगावतात.

येथें जिचा विचार करावयाचा ती आपल्या रानांतील घोरपड नव्हे, हें आरंभींच स्पष्ट केलेलें बरें. भारतांत घोरपडीच्या चार जाती आढळतात, आणि त्या चारींनाहि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत स्थान आहे. त्यांना पकडणें, बाळगणें, विकणें हा गुन्हा आहे, आणि तो असावा हेंच योग्य. कारण मांसासाठीं, कातड्यासाठीं, आणि ‘हत्ता जोडी’ नांवाची दैवी मुळी म्हणून भोळ्या लोकांच्या गळ्यांत जें बांधलें जातें त्या नराच्या वाळविलेल्या अवयवासाठींहि, ह्या प्राण्याची बेसुमार हत्या झालेली आहे. परदेशीं जातीची घोरपड भारतांत कोणाजवळ असलीच, तर २०२२ सालीं ह्या कायद्यांत झालेल्या दुरुस्तीप्रमाणें तिची सरकार दरबारीं नोंद करावी लागते. तेव्हां पुढील विवेचन वाचून कोणी शेतांतील पिलूं उचलून घरीं आणूं नये.

ज्या घोरपडीला जगाच्या बाजारांत ‘सॅव्हाना मॉनिटर’ म्हणतात ती पश्चिम आणि मध्य आफ्रिकेंतील गवताळ प्रदेशांत राहते. बॉस्क ह्या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञानें १७९२ सालीं तिचें शास्त्रीय वर्णन केलें, आणि तिच्या मानेवरील गोल, उठावदार खवले पाहून अंगावर पुरळ उठल्याचा अर्थ ज्यांत आहे असें नांव तिला दिलें. नांव कुरूप, परंतु प्राणी देखणा आहे. आंखूड तोंड, जाड शेपूट, राखी-पिवळसर अंगावर फिकट ठिपक्यांच्या ओळी, आणि सापासारखी दुभंगलेली निळसर जीभ. अंड्यांतून बाहेर येतांना पिलूं जेमतेम वीतभर असतें; पूर्ण वाढ झालेली घोरपड तीन ते साडेतीन फुटांची होते. घाना, टोगो, बेनिन ह्या देशांतून तिचीं पिलें वर्षानुवर्षें हजारोंनीं निर्यात होत आलीं आहेत. गाभण माद्या पकडून, त्यांचीं अंडीं उबवून, किंवा जमिनींतून पिलें खणून काढून हा व्यापार चालतो. त्यामुळें पिलाची किंमत अगदीं थोडी असते. आणि स्वस्त वस्तूची काळजी मनुष्य बेतानेंच घेतो. बंदिवासांत ह्या जातीची वीण होणें ही आजहि दुर्मिळ गोष्ट आहे, ह्या एकाच गोष्टीवरून तिच्या संगोपनांत कांहींतरी मुळांतच चुकत असलें पाहिजे हें उघड होतें.

पहिली चूक नांवांतच दडलेली आहे. ‘सॅव्हाना’ हा शब्द ऐकला कीं रखरखीत ऊन, वाळलेलें गवत आणि भेगाळलेली जमीन डोळ्यांपुढें येते. मग कांचेच्या पेटींत इंचभर वाळू किंवा लाकडाचा भुसा पसरून, वरती जाळी ठेवून आणि एक प्रखर दिवा लावून मालक निश्चिंत होतो. डॅनियल बेनेट ह्या अभ्यासकानें घानाच्या किनाऱ्यालगतच्या मैदानांत ह्या पिलांचा माग काढला, तेव्हां दिसलेलें चित्र ह्याहून पार वेगळें होतें. पिलें राहत होतीं तीं शेतजमिनींत, मोठ्या जातीच्या रातकिड्यांनीं खणलेल्या बिळांत. बिळाच्या तोंडाशीं ऊन कितीहि कडक असलें तरी आंत माती ओलसर, गार आणि हवा बाष्पानें जवळजवळ तुडुंब भरलेली असते. पिलाचा कालक्रम ठरलेला. सकाळीं बाहेर यावें, अंग तापवावें, किडे शोधीत हिंडावें, आणि ऊन असह्य झालें कीं पुन्हां मातीच्या पोटांत शिरावें. पाऊसकाळ हा त्याचा सुगीचा काळ. कोरड्या दिवसांत मोठ्या घोरपडी झाडांवर किंवा बिळांत पडून राहतात आणि सांठविलेल्या मेदावर दिवस काढतात. म्हणजे हा प्राणी वाळवंटांतला नव्हेच. त्याला वरून अग्नि आणि खालून ओलावा अशीं दोन्हीं एकाच वेळीं हवीं असतात, आणि त्याच्या संगोपनाची सारी अडचण ह्या एका वाक्यांत आहे.

उष्णतेचा विचार आधीं करूं. सरपटणाऱ्या प्राण्याच्या शरीरांत स्वतःची शेगडी नसते. अन्न पचविणें, रोगाशीं झगडणें, हाडें वाढविणें हीं सर्व कामें बाहेरून मिळणाऱ्या उष्णतेवर चालतात. हिंडती-फिरती घोरपड आपल्या शरीराचें उष्णतामान ३५ ते ३८ अंश सेंटिग्रेडच्या दरम्यान राखूं पाहते. तेवढें चटकन गांठण्यासाठीं दिव्याखालची बसण्याची जागा त्याहून पुष्कळ अधिक तापलेली असावी लागते; अनुभवी पाळणारे तेथील पृष्ठभाग ५० ते ६० अंशांपर्यंत ठेवतात. आंकडा ऐकून दचकण्याचें कारण नाहीं. प्राणी तेथें दिवसभर बसत नाहीं. कांहीं वेळ तापून तो निघून जातो. मात्र त्याला निघून जाण्यास जागा हवी, म्हणजे पेटीचें दुसरें टोंक २५ अंशांच्या आसपास असलें पाहिजे. सर्व पेटी एकसारखी ऊबदार ठेवणें हा दयाळूपणा नव्हे; त्यानें पिलाची निवडीची सत्ताच हिरावली जाते. एकच मोठा दिवा टांगण्यापेक्षां कमी शक्तीचे दोन-तीन दिवे शेजारीं शेजारीं लावणें अधिक चांगलें. नाहींतर पाठीचा एक चवलीएवढा भाग भाजून निघतो आणि पोट मात्र थंडच राहतें.

ह्या बाबतींत लंडनच्या प्राणिसंग्रहालयाचें उदाहरण आजहि बोधप्रद आहे. जोन प्रॉक्टर ही विदुषी तेथील सरपटणाऱ्या प्राण्यांची अधीक्षक होती. १९२७ सालीं उघडलेलें तेथील नवें सर्पगृह तिच्या आंखणीप्रमाणें बांधलें गेलें. एकाच पिंजऱ्यांत एक जागा उष्ण व दुसरी शीतल राहील अशी विजेची योजना तिनें केली, आणि सूर्याचे अतिनील किरण, ज्यांना जंबुपार किरण असेंहि म्हणतात, आरपार येऊं देणारी खास कांच तेथें बसविली. त्याच वर्षीं तेथें कोमोडो बेटांकडील दोन प्रचंड घोरपडी आल्या. त्यांतील ‘सुंबावा’ नांवाची घोरपड प्रॉक्टरबाईंच्या इतकी अंगवळणी पडली कीं त्यांच्या हातून ती अन्न घेई, आणि १९२८ सालीं प्राणिशास्त्र-संस्थेच्या सभेंत त्यांनीं ती सदस्यांपुढें मोकळी आणून दाखविली. स्वतः प्रॉक्टरबाई जन्मभर आजारी. १९३१ सालीं, वयाच्या अवघ्या ३४ व्या वर्षीं, त्या निवर्तल्या. पण उष्णता, प्रकाश आणि विश्वास ह्या तीन गोष्टींचें जें गणित त्यांनीं मांडलें, त्याकडे दुकानांतून पिलूं विकत घेणाराचें लक्ष अजूनहि जात नाहीं.

अतिनील किरणांचें महत्त्व काय तें थोडें उकलून सांगितलें पाहिजे. ह्या किरणांच्या साहाय्यानें त्वचेंत ‘ड’ जीवनसत्त्व तयार होतें, आणि त्याच्यावांचून अन्नांतील कॅल्शियम, म्हणजे चुन्याचा अंश, आंतड्यांतून रक्तांत शोषला जात नाहीं. रक्तांतील कॅल्शियम उणावलें कीं शरीर तें आपल्याच हाडांतून काढून घेऊं लागतें. वाढत्या पिलाच्या बाबतींत हें म्हणजे घर बांधीत असतांनाच पायाचे दगड उपसण्यासारखें आहे. जबडा रबरासारखा मऊ पडतो, पाय वांकतात, बोटें थरथरतात, आणि शेवटीं झटके येऊन पिलूं मरतें. खिडकीशीं पेटी ठेवली म्हणजे ऊन मिळालें असें कित्येक समजतात. तें खरें नाहीं. साधी कांच उजेड आंत सोडते, पण नेमके हे किरण अडविते. उलट बंद पेटींत ऊन शिरल्यास पिलूं उष्म्यानेंच गतप्राण होण्याचा संभव असतो. म्हणून अतिनील किरण देणारा खास दिवा लावावा लागतो, आणि डोळ्यांना तो तितकाच लख्ख दिसत असला तरी त्याची ही शक्ति कांहीं महिन्यांनीं क्षीण होत असल्यामुळें तो वेळच्या वेळीं बदलावा लागतो.

आतां मातीकडे वळूं. पिलासाठीं निदान फूटभर आणि मोठ्या घोरपडीसाठीं दोन फूट खोल माती हवी; खत किंवा कीटकनाशक न घातलेली साधी माती आणि वाळू यांचें मिश्रण असावें. मूठभर माती ओली करून दाबली असतां तिचा लाडू टिकला पाहिजे, म्हणजे तींत खणलेलें बीळ ढासळत नाहीं. भुसा, झाडाच्या सालींचे तुकडे, वर्तमानपत्रें ह्यांपैकीं कशांतहि बीळ होत नाहीं. जाळीच्या झांकणाची कांचेची पेटी येथें सर्वांत वाईट. वरच्या दिव्यानें तापलेली हवा सारा ओलावा घेऊन जाळींतून निघून जाते. त्याऐवजीं चोहोंकडून बंद, आंतून पाण्यास दाद न देणारी लांकडी पेटी करून तिला बेतानें हवेशीर ठेवतात. दिव्याखालीं फळ्यांची एक उतरंड रचावी. दोन फळ्यांमध्यें पिलाच्या अंगाला चाटून जाईल एवढीच फट असावी. प्रत्येक फटींत उष्णतामान निराळें राहतें, आणि पिलाला लपून बसूनहि तापतां येतें. भित्र्या पिलाला हें वरदानच आहे, कारण एरव्हीं त्याला भीति आणि ऊब यांतून एकाची निवड करावी लागते, आणि तें बहुधा थंडींत लपून बसणेंच पसंत करतें.

कोरड्या पेटींतलें पिलूं बाहेरून ठणठणीत दिसतें. सुकत असतें तें आंतून. तापलेल्या शरीराचा श्वास कोरड्या हवेंत दर क्षणीं पाणी गमावीत असतो, आणि पाण्याचें भांडें समोर असलें तरी तेवढ्यानें ती हानि भरून येत नाहीं. सरपटणारे प्राणी शरीरांतील नत्राचा मळ यूरिक ॲसिडच्या रूपानें टाकतात. पाणी कमी पडलें कीं त्याचे खडे मूत्रपिंडांत व सांध्यांत जमतात. हाच तो संधिवाताचा प्रकार, जो एकदां जडल्यावर सहसा हटत नाहीं. कात टाकतांनाहि ओलावा नसेल तर जुनी कातडी बोटांभोंवतीं व शेपटीच्या टोंकाशीं कड्यासारखी आवळून बसते, रक्त थांबतें आणि तो भाग गळून पडतो. पालीची शेपूट पुन्हां फुटते; घोरपडीची फुटत नाहीं.

ह्या श्वासाची एक हकीकत ओघानें सांगण्यासारखी आहे. धांवतांना सरड्यासारख्या प्राण्यांना पुरेसा श्वास घेतां येत नाहीं, कारण ज्या स्नायूंनीं छाती हलवावयाची तेच शरीर वळविण्याच्या कामीं गुंतलेले असतात. ह्याच सॅव्हाना घोरपडीवर केलेल्या आणि १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असें दिसून आलें कीं ती गळ्याच्या पिशवीचा भात्यासारखा उपयोग करून हवा फुप्फुसांत ढकलते. पुढें २०१३ सालीं अमेरिकेंतील शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें कीं तिच्या फुप्फुसांत हवा पक्ष्यांप्रमाणें मुख्यतः एकाच दिशेनें वाहते. असल्या उत्तम यंत्राचा मालक दोन फुटी पेटींत लोळत पडावा, ही त्या यंत्राची विटंबनाच होय.

आणि तो लोळत पडतो तो मुख्यतः आहारामुळें. संगोपनांतील सर्वांत घातक चूक हीच. घोरपड मोठी, जबडा मोठा, तेव्हां तिला मांस द्यावें असा सरळ हिशेब केला जातो. खिमा दिला, तर त्यांत हाड नसल्यामुळें कॅल्शियम जवळजवळ नसतें आणि फॉस्फरस भरपूर असतो. म्हणजे वर वर्णिलेल्या अस्थिरोगाला दार उघडेंच. पांढरे उंदीर आख्खे दिले तर हाडांचा प्रश्न सुटतो, परंतु दुसरा उभा राहतो. पिंजऱ्यांत पोसलेला उंदीर म्हणजे मेदाचा गोळा. घानांतील पिलांच्या आहाराची तपासणी झाली तेव्हां त्यांत रातकिडे व त्यांच्या जातीचे कीटक प्रामुख्यानें आढळले. उंदीर-घुशींना त्यांत स्थान नव्हतें. मोठ्या घोरपडी वाणी नांवाचे सहस्रपाद किडे, विंचू, गोगलगायी असलें सटरफटर खाऊन राहतात. किडा एकेक करून शोधावा लागतो, खणावा लागतो, पाठलाग करून धरावा लागतो. त्यांतलें पोषण थोडें, पण व्यायाम पुष्कळ. उंदीर चिमट्यानें तोंडापुढें धरला जातो.

उंदरांवर वाढविलेलें पिलूं झपाट्यानें जाड होतें. मालक हरखतो, शेजाऱ्यांना दाखवितो. येथेंच वाढणें आणि फुगणें ह्यांतील भेद ओळखावयास हवा. वाढ म्हणजे हाडांची वाढ, आणि ती लांबींत दिसते. मेद शेपटीच्या मुळाशीं आणि पोटांतील दोन लांब पट्ट्यांत सांचतो; तो वजनांत दिसतो. म्हणून दर महिन्यास दोन मापें घेऊन टिपून ठेवावींत: पिलाचें वजन, आणि नाकाच्या टोंकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी. दोन्ही बरोबरीनें चढत असतील तर ठीक. वजन चढतें आहे आणि लांबी थबकली आहे असें दिसलें तर अन्न कमी करण्यापूर्वीं दिव्याचें आणि मातीचें माप तपासावें, कारण उष्णता अपुरी असली तर दिलेलें अन्न पचून हाडांपर्यंत पोंचतच नाहीं. पोट जमिनीला टेकवून, पाय पसरून सरपटणारी घोरपड कित्येक चित्रांत दिसते. ती तिची ठेवण नव्हे, तें दुखणें आहे. निरोगी घोरपड चालतांना पोट जमिनीपासून उचलून धरते. मेदानें यकृत भरलेली जनावरें दोन-तीन वर्षांतच संपतात. योग्य निगा राखली तर तीच दहा वर्षें आणि त्याहून अधिक जगूं शकतात.

तेव्हां पिलाला द्यावयाचे ते किडे. रातकिडे, नाकतोडे, पैदास केलेलीं झुरळें, गांडुळें, गोगलगायी, असा पालट ठेवावा. लहान पिलाला रोज, आणि तें जितकें खाईल तितकें देण्यास हरकत नाहीं, कारण कीटकांवर तें सहसा लठ्ठ होत नाहीं. मोठें झाल्यावर दोन-तीन दिवसांआड द्यावें. बहुतेक कीटकांत कॅल्शियम कमीच असतें, म्हणून त्यांवर कॅल्शियमची भुकटी भुरभुरून मगच तें पिलापुढें सोडावे; आणि त्या कीटकांनाहि आधीं चांगला पाला-भाजी खाऊं घालावी, कारण त्यांच्या पोटांत जें असेल तेंच पिलाच्या पोटांत जाणार. घरांतलें झुरळ मारून देऊं नये. त्याच्या अंगावर कीटकनाशक असण्याचा धोका असतो.

माणसाळविण्याची घाई करूं नये. पिलूं माणसाकडे पाहतें तें भक्ष्य शत्रूकडे पाहतें त्या नजरेनें, आणि रानांत त्याचा तोच अनुभव असतो. बिळांतून ओढून काढून मांडीवर घेणें म्हणजे त्याचा एकमेव आसरा खोटा ठरविणें. मालकानें पेटीजवळ नुसतें बसावें, अन्न द्यावें, हात स्थिर ठेवावा. फुत्कार व शेपटीचा फटका हे राग नसून भयाचे उद्गार आहेत. कांहीं आठवड्यांनीं, कधीं महिन्यांनीं, जीभ लपलपवीत तें आपण होऊन हातापाशीं येतें. हाताळल्यानंतर साबणानें हात स्वच्छ धुवावेत; सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आंतड्यांत साल्मोनेला जंतु असूं शकतात, आणि ते लहान मुलांना फार बाधतात. पांच वर्षांखालील मूल असलेल्या घरांत हा प्राणी न ठेवणेंच शहाणपणाचें.

जागेचा हिशेब मात्र पिलूं आणण्यापूर्वींच मांडला पाहिजे. पहिल्या वर्षाच्या अखेरीस चांगलें पोसलेलें पिलूं दोन फुटांच्या आसपास जातें, आणि पूर्ण वाढीस त्याला आठ फूट लांब, चार फूट रुंद व चार फूट उंच अशी पेटी, त्यांत दोन फूट माती, आणि सबंध दिवस जळणारे दिवे लागतात. तीन खोल्यांच्या बिऱ्हाडांत ही म्हणजे चौथी खोलीच झाली. ज्यांना हें झेपत नाहीं त्यांच्यासाठीं ऑस्ट्रेलियांतील काटेरी शेपटीची ‘ॲकी’ घोरपड बरी. ती दोन-सव्वादोन फुटांपलीकडे जात नाहीं, आणि बंदिवासांत जन्मलेलीं तिचीं पिलें मिळतात. उलट नाइल घोरपड, जी पांच-सहा फुटांची होते, ती अमेरिकेंत पिलूं असतांना हौसेनें घेतली गेली आणि आवरेनाशी झाल्यावर सोडून दिली गेली. फ्लॉरिडांतील केप कोरल शहराच्या परिसरांतील कालव्यांच्या कांठीं अशा घोरपडींची प्रजा स्थिरावली असून जमिनींत घरटें करणाऱ्या घुबडांना तिच्यापासून भय निर्माण झालें आहे.

मादी असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. नराची गांठ न पडतांहि तिच्या पोटांत अंडीं तयार होऊं शकतात, आणि तीं घालण्यासाठीं तिला ऊबदार, ओलसर आणि खोल माती लागते. ती न मिळाल्यास ती अंडीं अडवून धरते, आणि तीं पोटांतच कुजून तिचा अंत होतो. पोट फुगलें आहे, खाणें सुटलें आहे आणि ती पेटीच्या कोपऱ्यांत सारखी उकरते आहे, असें दिसतांच वाट न पाहतां सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे जावें. असा पशुवैद्य गांवांत कोठें आहे ह्याची चौकशी पिलूं विकत घेण्यापूर्वींच करून ठेवावी. अडचणीच्या रात्रीं ती करूं लागल्यास तो बहुधा सांपडत नाहीं.